मॉनिटर बदलला की विंडो गायब, हे सॉफ्टवेअरवाल्यांनी थांबवावं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर-जानेवारीत आपल्या मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, लिलाव झाला की शेतकऱ्याला हमाली-तोलाई वजा होऊन हिशोबपट्टी हातात हवी असते, आणि नेमकं तेव्हाच एखाद्या गाळ्यातनं आवाज येतो की पट्टीचं पान उघडंना झालंय. खाली टास्कबारवर प्रोग्रॅम चालू दिसतो, क्लिक केलं तरी समोर काही येत नाही, कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला तरी तेच. मी व्यापाऱ्यांच्या आणि टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या कॉम्प्युटरचं काम करतो आणि ही तक्रार मला सारखी ऐकायला मिळते. बऱ्याचदा प्रोग्रॅम बिघडलेला नसतोच, तो काल जिथं दुसरा मॉनिटर होता तिथं उघडलेला असतो आणि आज तो मॉनिटर जोडलेला नसतो, लॅपटॉप घरी नेलेला असतो किंवा मॉनिटर दुरुस्तीला गेलेला असतो.

ज्यांचं आत्ता काम अडलंय त्यांच्यासाठी आधी उपाय सांगतो. विंडोजवर टास्कबारवरच्या त्या प्रोग्रॅमवर एकदा क्लिक करा, मग ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबा, मग एम दाबा, मग बाणाचं कुठलंही एक बटण दाबा आणि माऊस हलवा, हरवलेली विंडो माऊसला चिकटून समोर येते. एवढ्यासाठी कुणीही फॉरमॅट मारायला सांगितलं तर मारू नका.

पण हा उपाय गिऱ्हाईकाला करावाच का लागावा, माझं म्हणणं ते आहे. बंद होताना बरेच प्रोग्रॅम आपल्या विंडोची जागा आकड्यांत लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळी तिथंच उघडतात. विंडोजमध्ये मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य, तिथनं उजवीकडं आणि खाली आकडे वाढत जातात, आणि मुख्य मॉनिटरच्या डाव्या बाजूला दुसरा लावला तर त्याचे आकडे मायनसमध्ये जातात. काही प्रोग्रॅमर मायनस दिसला की तो चुकीचा धरून विंडो मधोमध आणून ठेवतात, त्यामुळं डावीकडं मॉनिटर लावलेल्या माणसाची मांडणी रोज मोडते. काही जण उलट, जो आकडा सेव्ह झालाय तो डोळे झाकून वापरतात. त्यात अजून एक खोच आहे, विंडो मिनिमाइज केली की विंडोज तिची जागा मायनस ३२००० अशी सांगतं, आणि प्रोग्रॅम त्याच अवस्थेत बंद झाला आणि त्यानं तीच जागा लिहून ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती विंडो कुठल्याच स्क्रीनवर येणार नाही, मॉनिटर एक असो नाहीतर चार. खरं तर विंडोजमध्ये विंडोची मूळ जागा विचारायची आणि परत लावायची तयार सोय आहे, विंडो प्लेसमेंट नावाची, आणि दिलेली जागा पूर्ण स्क्रीनबाहेर पडत असेल तर ती स्वतःच विंडो आत ओढून घेते. तयार सोय सोडून स्वतःचे आकडे फाइलीत लिहायचा हट्ट कशाला?

विंडोच्या मापाचा घोळ तर वेगळाच. अक्षरं-बटणं मोठी दाखवायचं प्रमाण लॅपटॉपवर १५० टक्के, बाहेरच्या मॉनिटरवर १०० टक्के, असं आता सर्रास असतं. प्रत्येक मॉनिटरला वेगळं प्रमाण ही सोय विंडोज ८.१ मध्ये म्हणजे २०१३ साली आली, तरी अजून असे प्रोग्रॅम मिळतात की ते एका स्क्रीनचं माप दुसऱ्यावर तसंच लावतात, मग विंडो खाली टास्कबारच्या मागं जाते आणि सेव्हचं बटण दिसतच नाही. जुना १३६६ बाय ७६८ चा मॉनिटर असलेल्या गाळ्यात हे हमखास होतं. प्रोग्रॅमरना माझं सांगणं, उघडताना आज जोडलेल्या मॉनिटरची यादी घ्या, टास्कबार सोडून उरलेल्या जागेत विंडोची वरची पट्टी धरता येण्याइतकी तरी येते का बघा, येत नसेल तर जवळच्या मॉनिटरवर आणा, मावत नसेल तर लहान करा. काही ओळींचं काम आहे हे.

मॅकवर तर हिशोबच उलटा आहे, तिथं शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात आणि आकडे वर वाढतात, म्हणून विंडोजवरचे आकडे तसेच नेले की वरची विंडो खाली जाते. तिथंही विंडोला एक नाव दिलं की मॅक तिची जागा आपसूक लक्षात ठेवतो.

लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमबद्दल जरा जास्त लिहितो कारण खर्च वाचवायला बरेच जण तिकडं वळतायत आणि तिथं नियमच बदललेत. स्क्रीनवर विंडो दाखवायच्या जुन्या एक्स ११ पद्धतीत प्रोग्रॅम फक्त विनंती करायचा, शेवटी विंडो कुठं ठेवायची ते विंडो मॅनेजर नावाचा वेगळा प्रोग्रॅम ठरवायचा, आणि वरची पट्टीही त्याचीच असल्यामुळं ती मोजायची राहिली की दर वेळी उघडताना विंडो पट्टीच्या उंचीएवढी खाली सरकायची. वेलँड नावाच्या नव्या पद्धतीत साधा प्रोग्रॅम आपली विंडो स्क्रीनवर कुठं आहे हे विचारूही शकत नाही आणि ठरवूही शकत नाही, मेनूसारख्या छोट्या विंडो तेवढ्या मूळ विंडोच्या आधारानं ठेवता येतात. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारानं २१.०४ आवृत्तीपासून बहुतेक मशीनवर वेलँडच पुढं केलंय, आणि २०२० साली आलेल्या जीटीके ४ या विंडो-बटणं बनवायच्या तयार साहित्यातनं तर प्रोग्रॅमनं विंडो हलवायची सोयच काढून टाकली. यामागचं कारण मला पटतं, कुठल्याही प्रोग्रॅमनं दुसऱ्याच्या विंडोवर नेमकी आपली खोटी पासवर्डची चौकट आणून बसवू नये हे बरोबरच आहे. पण जॅकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइन करणारा माणूस रंगांची विंडो एका मॉनिटरवर, नक्षी दुसऱ्यावर अशी दिवसभर काम करतो, त्याचा हात सवयीनं तिकडं जातो, त्याला रोज सकाळी सगळं परत मांडायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून लिनक्ससाठी बनवताना सुट्या विंडो न करता एकाच मोठ्या विंडोत कप्पे करावेत, कप्प्यांची मांडणी प्रोग्रॅमला स्वतः लक्षात ठेवता येते, तिथं कुणाची परवानगी लागत नाही.

काही जण म्हणतात जागा लक्षात ठेवायचीच कशाला, दर वेळी मधोमध उघडा, कटकट मिटली. मला हे अजिबात मान्य नाही. दिवसातनं दहा मिनिटं प्रोग्रॅम वापरणाऱ्याला ते चालेल, पण सकाळपासनं रात्रीपर्यंत बिलं करणाऱ्या माणसाला नाही चालत.

आडते, पतसंस्था, कारखानदार, सगळ्यांना विनंती आहे की नवीन सॉफ्टवेअरचा डेमो बघताना फक्त रिपोर्ट आणि जीएसटी बघू नका. विंडो दुसऱ्या मॉनिटरवर न्या, प्रोग्रॅम बंद करा, त्या मॉनिटरची वायर काढा आणि परत उघडा. मग मिनिमाइज करा, टास्कबारवरनं तसाच बंद करा आणि उघडून बघा. स्क्रीनचं प्रमाण १२५ टक्के करून सगळी बटणं दिसतात का तेही बघा. इंजिनिअरिंग आणि बीसीएच्या सरांनीही मुलांचे प्रोजेक्ट तपासताना एवढी वायर काढून बघावी, हीच मुलं उद्या आपल्याकडं सॉफ्टवेअर विकायला येणार आहेत. आणि ज्यांचं सॉफ्टवेअर घेऊन झालंय त्यांनी वर्षाच्या मेंटेनन्सचे पैसे देण्याआधी ही दुरुस्ती लेखी मागून घ्यावी.

कळावे,
एक वाचक, सोलापूर