बाबांच्या तपासणीबद्दल

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय निघाला की बाबा, तुम्ही फोन आईच्या हातात देता आणि आई, तू माझ्या तब्येतीचं विचारायला लागतेस. म्हणून लिहितेय.

बाबा, स्मरणशक्तीची तपासणी तुम्ही दोघं मिळून पुढे ढकलताय. तुम्हाला शब्द सुचेनासा झाला की आई तो आधीच सांगून मोकळी होते. त्यामागची माया मला कळते. भीती मलाही वाटते. एकदा आजाराचं नाव कळलं की तुम्ही नुसता चष्मा विसरलात तरी माझ्या पोटात गोळा येईल, तुमच्याशी पूर्वीसारखं भांडता येणार नाही, याचीच सगळ्यात जास्त.

पण न कळल्यामुळे आपण निवांत आहोत का? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात विजेचा झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना माणसांवर जेवढा ताण होता, त्याहून जास्त ताण बसेल की नाही हे अर्धंअर्धं असताना होता. आई, तुझी झोप उडालीय ती यानंच, असं मला वाटतं.

जाणून न घेण्याचाही माणसाला हक्क आहे, हे मी मानते. आई किंवा वडिलांना हंटिंग्टन नावाचा, मेंदू हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. १९९३ साली त्याचं जनुक सापडलं, तेव्हापासून रक्त तपासून आधीच कळू शकतं. तरी बरेच जण तपासणी करत नाहीत, कारण कळूनही आजार थांबवता येत नाही. त्यांना मी भित्रं म्हणणार नाही. पण बाबा, तुमचं तसं नाही. विसरण्यामागे बी-१२ची कमतरता असू शकते, थायरॉईड असू शकतं, मनाची उदासी, एखादी झोपेची गोळी, कधी पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साठलेलं रक्तसुद्धा. यांवर उपचार आहेत, आणि वेळेवर झाले तर त्यांचा जास्त उपयोग होतो. वाईट बातमी टाळताना कदाचित आपण बरी बातमीही टाळतोय.

आणि अल्झायमरच निघाला तर? तो बरा होत नाही. काही औषधांनी काही काळ थोडा फरक पडतो, एवढंच. पण आत्ता कळलं तर बँकेचं कुणी बघायचं, मृत्युपत्रात काय लिहायचं, पुढे उपचार किती करायचे, हे तुम्ही स्वतः सांगाल. नाहीतर ते आम्हाला अंदाजानं ठरवावं लागेल, आणि तुमच्या मनातलं ओळखायला मी चुकेन अशी मला धास्ती वाटते. तुमच्याबद्दलचा शब्द तुमचाच असू दे.

सगळं एकदम करायला नको. आधी फक्त रक्त देऊ. तो रिपोर्ट बघून पुढचं ठरवू. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबू. स्मरणशक्तीच्या चाचणीत तारीख-वार विचारतात, घड्याळाचं चित्र काढायला लावतात, चारपाच शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारतात. किती ऐकायचंय ते डॉक्टरांना आधीच सांगता येतं: सगळं सांगा, किंवा आज एवढंच पुरे. रिपोर्ट मोबाइलवर आला तर मात्र कुणी रात्री एकट्यानं उघडायचा नाही, मीसुद्धा नाही. तिघं एकत्र बसून बघू.

दिवस बाबांनी ठरवावा, मी रजा टाकून येते. आई, डॉक्टर बाबांना जे विचारतील त्याचं उत्तर त्या दिवशी बाबांनाच देऊ दे. वेळ लागला तरी.

तुमची लेक