पंच नेमताना आडनाव कशाला बघायचं?

महोदय,

आमच्या भागातल्या टेनिस बॉल स्पर्धेच्या फायनलमधून आदल्या रात्री एका तरुण पंचाला काढण्यात आलं. सेमी-फायनल त्यानेच केली होती आणि त्याच्या एकाही निर्णयाविरुद्ध तक्रार नव्हती. फायनलला आलेल्या एका संघात त्याच्या धर्माची बरीच मुलं होती, म्हणून ‘उगाच चर्चा नको’ असं आयोजकांनी ठरवलं. मानधन पोचतं केलं आणि त्याला घरी बसवलं. त्याच्या जोडीचा पंच मात्र कायम राहिला. समोरच्या संघातली बहुतेक मुलं त्या पंचाच्या धर्माची होती, पण त्याची शंका कुणालाच आली नाही.

मी मुंबईच्या मैदानांवर अनेक वर्षं पंचगिरी केली आहे. गोलंदाजाचा पुढचा पाय रेषेवर पडतो का ते बघून मान वर करेपर्यंत चेंडू अर्ध्या वाटेवर पोचलेला असतो. तो लेग स्टंपच्या बाहेर पडला का, आधी पॅडला लागला की बॅटला, उंची किती होती, हे सगळं निमिषात टिपायचं असतं आणि कानाशी अकरा जणांचं अपील चालू असतं. फलंदाज कोणत्या देवाला हात जोडतो याचा विचार करायला तिथे जागा कुठे असते? पंच चुकतो तो नजर चुकली म्हणून, दमला म्हणून, कधी दडपणाखाली. पक्षपाती पंच असतातच, नाही असं नाही. पण ते त्यांच्या निर्णयांवरून ओळखावे लागतात.

यजमान देशाच्या पंचांवर संशय पूर्वीपासून होता, आणि त्यावर उपायही क्रिकेटनेच काढला. १९८६ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या लाहोर कसोटीसाठी इम्रान खानच्या आग्रहाने दोन भारतीय पंच गेले: व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या ठाण्याचे पिलू रिपोर्टर. पाकिस्तानी कर्णधाराला आपल्या घरच्या सामन्यात भारतीय पंच हवे होते, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पाकिस्तान तो सामना डावाने हरला. पुढे १९९४ पासून कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे आले. त्या नियमात देश बघितला, धर्म नाही.

अलीम दार यांचं उदाहरण तर आपल्या शहरातलंच आहे. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषकाची फायनल झाली, तेव्हा सायमन टॉफेल यांच्यासोबत मैदानात उभे होते ते पाकिस्तानचे अलीम दार. आपण जिंकलो, रात्रभर नाचलो. २००९ ते २०११ अशी सलग तीन वर्षं ते आयसीसीचे सर्वोत्तम पंच होते. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, बीसीसीआयच्या मुख्यालयात पाकिस्तानशी क्रिकेट नको म्हणणारे आंदोलक घुसले आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या मालिकेतून आयसीसीला त्यांना परत बोलवावं लागलं. वानखेडेवरचा सामनाही त्यांच्याकडून गेला. त्याच वर्षीच्या विश्वचषकात बांगलादेशविरुद्ध रोहित शर्माला जीवदान देणारा नो-बॉलचा निर्णय झाला, तेव्हा मैदानात हेच अलीम दार आणि इयान गूल्ड होते. त्या निर्णयापायी बांगलादेशात त्यांच्यावर भारताची बाजू घेतल्याचा आरोप झाला होता.

धर्मावरून संघ पाडणारी पंचरंगी स्पर्धा याच मुंबईत होती. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेले सगळे ‘रेस्ट’मध्ये. सांगलीचे विजय हजारे ख्रिश्चन, म्हणून ते ‘रेस्ट’मध्ये. हिंदूंविरुद्ध ३८७ पैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने काढल्या, काय ती खेळी! तरीही १९४६ मध्ये ती स्पर्धा बंद झाली ते योग्यच झालं. आता संघ मिसळलेले आहेत, तर पंचांची वाटणी आपण का सुरू करतो आहोत?

स्थानिक स्पर्धांच्या आयोजकांना माझी विनंती आहे. फायनलचे पंच सेमी-फायनलआधी जाहीर करा. कुणाची हरकत असेल तर ती लेखी घ्या आणि त्यात कोणतं षटक, कोणता चेंडू, काय चुकलं हे नमूद असल्याशिवाय पंच बदलू नका. आणि त्या मुलाला परत बोलावून, आदल्या रात्री कुणाच्या सांगण्यावरून त्याला काढलं ते त्याला स्पष्ट सांगा.

– एक निवृत्त पंच, दादर, मुंबई