काळी पडलेली ज्वारी आणि इथेनॉलचा दर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलविषयी आपल्या पानांवर गेली दोन-तीन वर्षे जी चर्चा चालली आहे, ती उसापासून सुरू होते, मक्यापाशी थांबते आणि मध्ये तांदळाचा उल्लेख करून पुन्हा उसाकडे वळते. ज्वारीचे नाव निघालेच, तर ‘गरिबाची भाकरी गाडीच्या टाकीत’ एवढ्यावर तिची बोळवण होते. परभणी जिल्ह्यात अनेक वर्षे कोरडवाहू शेतीत खरीप ज्वारी पेरत आलेला मी शेतकरी आहे. खाण्याजोगी ज्वारी इथेनॉलकडे जाणार नाही, कारण हिशेबच तिला जाऊ देत नाही. खरा प्रश्न पावसात काळ्या पडलेल्या ज्वारीचा आहे, आणि तिच्यासाठी स्वतंत्र प्रत व स्वतंत्र दर ठरवला पाहिजे, एवढेच मला मांडायचे आहे.

आधी हिशेब पाहू. एक क्विंटल ज्वारीपासून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघते. ज्वारीतील स्टार्च मक्याच्या जवळपास असल्यामुळे उताराही जवळपास तेवढाच पडतो. २०२३-२४ मध्ये संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३१८० रुपये होता, म्हणजे लिटरमागे नुसत्या धान्याचेच जवळपास ८४ रुपये झाले. त्याच इथेनॉल पुरवठा वर्षात तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे आणि खराब धान्याच्या इथेनॉलला ६४ रुपये दर दिला. मक्याचा हमीभाव तेव्हा २०९० रुपये होता. डिस्टिलरीचे इंधन, विकरे (एन्झाइम), मजुरी आणि कर्जाचे व्याज यांचा खर्च धरण्याआधीच चांगल्या ज्वारीचा व्यवहार तोट्यात जातो, आणि मागे उरणारा सुका चोथा पशुखाद्य म्हणून विकून ही खोट भरून निघत नाही. मंगळवेढ्याची मालदांडी, म्हणजे रब्बीतली महाग ज्वारी, तर फारच दूर राहिली. तेव्हा भाकरी पळवली जाईल ही भीती या दरांत तरी निराधार आहे.

काळ्या ज्वारीची गोष्ट मात्र वेगळी आहे. आमच्या आजोबांच्या काळातील उंच देशी वाण पाऊस सरल्यावर पक्व होत. १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीपासून पुढचे बुटके, शंभर-एकशे दहा दिवसांत तयार होणारे संकरित वाण उत्पन्नात कितीतरी सरस ठरले, पण त्यांचे कणीस नेमके सप्टेंबरअखेरच्या ओलीत भरते. दाणा भरताना आणि भरल्यानंतर पाऊस लागला की बुरशी चढते, आधी गुलाबी-करडी झाक येते आणि मग सगळे कणीस काळे पडते. ‘परभणी श्वेता’सारखे वाण बुरशीला बऱ्यापैकी तोंड देतात, पण आठवडाभर झड लागली तर त्यांचाही इलाज चालत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात आमच्या शिवारात कापून पसरलेली कणसे तशीच भिजली. खरेदी केंद्रावर प्रतीत बसत नाही म्हणून माल परत आला आणि अखेर एका अडत्याला अर्ध्याहून कमी भावात द्यावा लागला. तो माल पुढे कोणत्या दारात गेला हे शेतकऱ्याला कधी कळत नाही. खरीप ज्वारी सोडून मराठवाडा-विदर्भातील शेतकरी सोयाबीनकडे वळला, त्यामागे बाजारभावाइतकीच ही काळी पडण्याची धास्तीही आहे. ज्वारी गेली तेव्हा तिच्याबरोबर कडबाही गेला, आणि दावणीला चाऱ्याची टंचाई झाली. इथेनॉलच्या चर्चेत या कडब्याची आठवण कुणालाच होत नाही.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने मानवी वापरास अयोग्य धान्यापासून इथेनॉल करण्यास वाट करून दिली आहे. प्रत्यक्षात या नावाखाली मुख्यत्वे तुकडा तांदूळ जातो. तांदूळ गिरणीतून एकगठ्ठा निघतो. काळी ज्वारी शंभर खेड्यांतून पाच-दहा पोत्यांनी येते. तिला गोळा करणारी, ओलावा तपासणारी आणि प्रत लावणारी यंत्रणा तालुक्याच्या बाजार समितीत उभी राहिल्याशिवाय धोरणातील तरतूद कागदावरच राहील.

या मागणीत एक धोका आहे. तो मी लपवणार नाही, कारण आपले वाचक तो दाखवून देतीलच. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात भिजलेली, बुरशी लागलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी व जुलाब झाले, आणि त्यामागे फ्युमोनिसिन हे बुरशीजन्य विष असल्याचे तपासणीत आढळले. असे धान्य माणसाच्या ताटातून काढून डिस्टिलरीकडे वळवणे योग्यच आहे. परंतु ही विषे ऊर्ध्वपातनात इथेनॉलबरोबर जात नाहीत, ती चोथ्यात राहतात. धान्याच्या वजनाचा जवळपास एक तृतीयांश भाग चोथा म्हणून उरत असल्याने विषाचे प्रमाण त्यात सुमारे तिप्पट होते. हाच चोथा उद्या कोंबडीखाद्यात आणि गाईच्या आंबोणात येणार असेल, तर प्रत्येक खेपेची तपासणी सक्तीची असावी आणि नापास चोथा बायोगॅसकडे जावा.

दुसरी शंका इतिहासातून येते. २००७ साली राज्याने धान्यापासून मद्यार्क तयार करण्याच्या कारखान्यांना अनुदानाचे धोरण आणले, तेव्हाही शेतकऱ्याच्या खराब धान्याचेच नाव पुढे केले गेले होते. डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी त्याला विरोध केला आणि तो अनाठायी नव्हता. म्हणूनच मी कारखान्याला अनुदान द्या असे म्हणत नाही. प्रत ठरलेल्या मालाला शेतकऱ्याच्या खात्यात थेट दर मिळावा, तो दर चांगल्या ज्वारीच्या हमीभावाच्या बराच खाली असावा, म्हणजे चांगला माल काळा म्हणून खपवण्याचा मोह राहणार नाही, आणि तयार झालेले इथेनॉल केवळ इंधनासाठी जावे.

अमेरिकेचा दाखला या विषयात हटकून दिला जातो. कॅन्ससमध्ये ज्वारीपासून मोठ्या प्रमाणावर इथेनॉल होते आणि तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ च्या डिसेंबरात ज्वारीच्या इथेनॉलला नवीकरणीय इंधन म्हणून मान्यताही दिली. पण तिकडे ज्वारी हे प्रामुख्याने जनावरांचे खाद्य आहे, घराघरात तव्यावर भाकरी नाही. उसाशी तुलना करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे, की हेक्टरी लिटर मोजले तर ज्वारी हरणारच: कोरडवाहू खरिपात हेक्टरी दहा-बारा क्विंटल निघाले तर साडेचारशे लिटरपर्यंत मजल जाते, उसाची त्याच्या कैक पट. मात्र नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने साखरेपासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे २८६० लिटर पाणी धरले आहे, आणि माझी ज्वारी पावसाखेरीज थेंबही मागत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड धाटाच्या ज्वारीवर दीर्घकाळ काम केले आहे. त्या ज्वारीत दाणा, रस आणि चोयटी (रस काढून उरलेले धाट) अशा तिन्हींचा उपयोग होतो, परंतु कापलेल्या धाटातील साखर एका-दोन दिवसांत उतरू लागत असल्याने त्या पिकाला कारखाना दाराशीच लागतो.

मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मका आणि खराब धान्यावरही चालाव्यात यासाठी व्याज सवलतीची योजना जाहीर केली. मराठवाड्याला ही संधी आहे, पण एक मेख आहे. काळी ज्वारी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात येते, तेव्हा उसाचे गाळप सुरू होत असते आणि डिस्टिलरी मळी व रसात गुंतलेली असते. धान्याला तिची सवड होते ती उन्हाळ्यात. बुरशी लागलेला दाणा तोवर कोठारात टिकवायचा असेल, तर तो येताक्षणी बारा टक्के ओलाव्यापर्यंत सुकवायला हवा, नाहीतर भुंगे आणि सोंडे त्याचा भुगा करतील. बाजार समित्यांमध्ये सुकवणी यंत्रे बसवण्याचा निर्णय पेरणीपूर्वी झाला, तर येत्या खरिपात ज्वारीचे क्षेत्र किती ठेवायचे हे आम्हाला ठरवता येईल.

आपला,
एक ज्वारी उत्पादक,
ता. सेलू, जि. परभणी