रविवारची बैठक : बीएड-एमएडवाल्यांनी वाचाच

नमस्कार मंडळी, रविवारी सकाळी १० ला बेळगावात टिळकवाडीत नेहमीच्या हॉलात बसायचंय, खानापूर-निपाणीकडच्यांनी पहिली बस धरा की, मागल्या खेपेला निम्मी मंडळी चहाच्या टायमालाच उगवली.

विषय, बीएड एमएड कुठं करायचं. राणी चन्नम्मा विद्यापीठ आपलं जवळचं, २०१० पासूनचं, पण बरीच पोरं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाकडं पण बघतात. कुठंही घ्या, पण कॉलेजला एनसीटीईची, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या कोर्सना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या संस्थेची, मान्यता आहे का ते आधी तपासा, नुसता बोर्ड बघून फी भरू नका. २०१५ पासून दोन्ही कोर्स २ वर्षांचे झालेत, आणि बीएडला २० आठवडे शाळेत काढावे लागतात, ते सहीपुरतं समजू नका, माझ्या मते निम्मं बीएड तिथंच होतं. कन्नड शाळा मिळाली तर उलट बरंच, पुढं नोकरीत कन्नड लागतंयच.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा देणाऱ्यांनो, १५० मार्काचा पेपर, जनरलला ९० पाहिजेत, निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडू नका. १ली ते ५वीसाठी पहिला पेपर, ६वी ते ८वीसाठी दुसरा. सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतंय.

हेडमास्तरकी केलेल्या दोन मॅडम पण येतायत, टाइमटेबल, एसडीएमसीची (शाळेवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची) मीटिंग, रुसलेले पालक हे सगळं कसं सांभाळायचं ते सांगतील, पुस्तकात हे मिळत नाही बघा. मार्कलिस्टची झेरॉक्स आणा. येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका, जेवणाची ऑर्डर द्यायचीय, नुसता अंगठा दाखवला तर मोजणार नाही.