लिंबाचा वास गेला म्हणजे हवा शुद्ध झाली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनालयात ज्येष्ठांच्या खोलीत गेल्या महिन्यापासून ओझोन सोडणारे यंत्र लावले आहे. सकाळी लिंबाच्या वासाच्या लिक्विडने फरशी पुसतात, खिडक्या लावतात आणि यंत्र चालू करतात. थोड्या वेळाने लिंबाचा वास उरत नाही. ‘बघा, हवा कशी स्वच्छ झाली,’ असे सगळे समाधानाने म्हणतात. माझ्या यजमानांना दमा आहे. त्यांना तिथे दहा मिनिटेही बसवत नाही. तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे मला गप्प राहवेना.

लिंबाच्या सालीतल्या, हा वास देणाऱ्या लिमोनीन या द्रव्याच्या रेणूत अणूंना जोडणारे दोन दुहेरी बंध असतात. ओझोन नेमका तिथेच घाव घालतो. रेणू तुटतो, फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू तयार होतो आणि उरलेल्या जड तुकड्यांपासून अतिसूक्ष्म कण बनतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वासाबरोबर फुफ्फुसात खोलवर जातात. वास नाहीसा झाला तो असा.

झाडांच्या बाबतीत हे उघड्यावर रोजच घडते. जगभरातली झाडे वर्षाला सुमारे 50 कोटी टन आयसोप्रीन, म्हणजे असेच दुहेरी बंध असलेले द्रव्य, हवेत सोडतात. देवदार-चीडच्या जंगलांतून पायनिन हे गंधद्रव्य येते ते वेगळेच. लवंग-मिरीच्या वासातले कॅरिओफिलिन ओझोनपुढे जेमतेम एक-दोन मिनिटे टिकते, पायनिन काही तास. दूरच्या डोंगरांवर दिसणारी निळसर धूसर झाक झाडांच्या अशाच वायूंपासून होते, असे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी 1960 साली मांडले होते. ओझोनने रेणू तुटताना मध्ये एक क्षणजीवी रेणू जन्मतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्रीगे यांनी 1949च्या सुमारास सांगितले. तो हाती लागायला फार वर्षे गेली. 2012 साली त्याच्या अभिक्रियेचा वेग प्रत्यक्ष मोजला, तेव्हा चिमण्यांच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइड वायूशी तो अपेक्षेपेक्षा कितीतरी झपाट्याने जुळतो असे आढळले. चिमणीचा धूर आणि झाडाचा गंध मिळून सल्फेटचे कण होतात ते या वाटेनेही.

यात झाडांना दोष देऊ नये, वडांवरून नाव पडलेल्या आपल्या बडोद्यात तर नाहीच. जमिनीलगतचा ओझोन वाढतो त्याला वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड लागतात, आणि ऊन. कमाटीबागेत वारा सगळे पसरवून नेतो. बंद खोलीत ते कुठे जाणार? आपले रक्षण करणारा ओझोन वीस-तीस किलोमीटर उंचीवर आहे, तो तिथेच असू द्यावा.

व्यवस्थापकांना मी दोनदा सांगितले; ‘कंपनीने प्रमाणपत्र दिले आहे’ एवढेच उत्तर मिळाले. म्हणून आपल्यामार्फत विनंती करते: यंत्र बंद ठेवावे, फरशी साध्या पाण्याने पुसावी आणि मागच्या अंगणाकडची खिडकी उघडी ठेवावी.

एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे