शीर्षकगीताखाली चार नावे छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मालिकांच्या शीर्षकगीतांवर पानभर मजकूर आला, तो आवडीने वाचला. मालिका कोणत्या वाहिनीवर लागायची, नायिका कोण होती, आज ती काय करते, हे सगळे त्यात होते. गाणी मात्र आपोआप उगवल्यासारखी वाटत होती. दोन ठिकाणी तेवढे गायिकेचे नाव होते. गीतकार, संगीतकार कुठेच नव्हते आणि संगीत संयोजक (चालीसाठी वाद्यांची रचना करणारा) हा शब्द तर अख्ख्या पानावर नव्हता. ज्या गाण्यांमुळे ते पान छापावेसे वाटले, ती बांधणाऱ्यांची नावे त्यातून गळावीत याचे वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

शीर्षकगीत बांधण्याचा हिशोब फार आवळलेला असतो. अर्ध्या तासाच्या खणात जाहिराती वजा जाता प्रत्यक्ष मालिकेला बावीस मिनिटांच्या आसपास मिळतात. त्यातले एक मिनिट शीर्षकगीताला मिळाले तर वाहिनीने हात सैल सोडला असे समजायचे. मिनिटाला 96 मात्रांची (ठोक्यांची) लय धरली, तर केरवा तालाचे आठ मात्रांचे आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, बरोबर 5 सेकंदांचे होते. साठ सेकंदांत अशी बारा आवर्तने बसतात. सुरुवातीच्या म्युझिक पीसला दोन, मधल्याला एक आणि शेवटी मालिकेचे नाव पडद्यावर येते त्याला एक, अशी चार वजा केली की कवीच्या वाट्याला आठ उरतात. मात्रेला एक अक्षर धरले तर चौसष्ट अक्षरे. एवढ्यात मालिकेचा स्वभाव सांगायचा, पहिल्याच ओळीत कान पकडायचा आणि रोज ऐकूनही वीट येणार नाही असे लिहायचे.

मराठी शीर्षकगीते इतकी पाठ का होतात, याचे एक उत्तर या अक्षरांच्या हिशोबातच आहे. 1999 साली सुरू झालेल्या अल्फा मराठीवरच्या ‘आभाळमाया’चे गीत घ्या. गीत मंगेश कुळकर्णी, संगीत अशोक पत्की, स्वर देवकी पंडित. ‘जडतो तो जीव’ ही अक्षरे मोजा, सहा भरतात. ‘लागते ती आस’, पुन्हा सहा. पुढचे तुकडेही सहाचेच. हे माप मोठ्या अभंगाच्या चरणाचे आहे. ‘देवाचिये द्वारी’ आणि ‘उभा क्षणभरी’ याच मापात बसतात. पिढ्यान्‌पिढ्या हरिपाठ ऐकलेल्या कानाला हे माप शिकवावे लागत नाही. शिवाय बहुतेक तुकड्यांत एक क्रियापद, एक नाम आणि मध्ये ‘तो’, ‘ती’ किंवा ‘तोच’, अशी एकच बांधणी. श्रोत्याला पुढचा शब्द ठाऊक नसला तरी तो कुठे पडणार हे आधीच कळलेले असते. आणि शेवटी मालिकेचे नाव येते ते पाच अक्षरांचे. तेवढ्या एका अक्षराच्या तुटीमुळे ते नाव वेगळे उभे राहते.

आता याच गीतकार-संगीतकारांचे ‘वादळवाट’ पाहा. ‘थोडी सागर निळाई’, आठ अक्षरे. ‘थोडे शंख नि शिंपले’, आठ. दूरदर्शनच्या ‘गोट्या’चे ‘बीज अंकुरे अंकुरे’ मधुकर आरकडे यांनी लिहिले, चाल पत्कींचीच, तेही आठाचे. ही अष्टाक्षरी बहिणाबाईंची, जात्यावरच्या ओवीच्या सख्ख्या नात्यातली. केरव्याच्या आवर्तनात ती जणू मोजून घ्यावी तशी बसते. सहाचे माप आणि आठाचे माप यांत चाल कशी बदलते हे ऐकायचे असेल, तर ‘आभाळमाया’ आणि ‘वादळवाट’ लागोपाठ ऐकावीत. पत्कींनी जाहिरातींच्या जिंगल्सही पुष्कळ केल्या. दहा-वीस सेकंदांत चाल पुरी करायची सवय तिथे हाताला लागते, आणि शीर्षकगीतात ती फार कामाला येते. ‘अंतर्नाद’ या कोकणी चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याची बातमी सगळीकडे झाली. घराघरांत रोज वाजणाऱ्या त्यांच्या चाली मात्र मालिकेच्या नावाने ओळखल्या जातात, त्यांच्या नावाने नाही.

चाल झाली की काम संयोजकाकडे जाते, आणि इथले काम वाचकांना अजिबात दिसत नाही. टीव्हीतल्या छोट्या स्पीकरमधून 150 हर्ट्‌झच्या खालचे, म्हणजे खर्जातले, फारसे काही बाहेर येत नाही. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर घुमणारा डग्गा आणि बास गिटार घरच्या टीव्हीवर गायब होतात आणि ठेका पोकळ वाटू लागतो. जाणता संयोजक बासची ओळ वरच्या सप्तकात दुसऱ्या वाद्याकडून वाजवून घेतो, डग्ग्याच्या घुमाऱ्यापेक्षा त्याच्या थापेचा आवाज वर ठेवतो आणि शेवटचे मिक्सिंग मुद्दाम छोट्या स्पीकरवर, डावा-उजवा आवाज एकत्र करून (मोनोमध्ये) तपासतो. दुसरी अडचण शब्दांची. स, श, च, त ही व्यंजने ज्या उंचीवर ऐकू येतात, तिथेच बासरीची फुंक आणि व्हायोलिनचा ताफा येऊन बसतो. म्हणून शब्द चालू असताना व्हायोलिनचा आवाज कमी ठेवायचा आणि ओळ संपली की वाढवायचा. हे जिथे सांभाळलेले नसते, तिथे पन्नास भाग ऐकूनही दुसऱ्या ओळीत नेमके काय म्हटले आहे हे कळत नाही.

गाणे बिघडते ते बहुतेक वेळा पुढच्या टप्प्यात. मालिका रुळली की वाहिनी साठ सेकंदांचे वीस करायला सांगते. वीस सेकंद म्हणजे आपल्या हिशोबाने चार आवर्तने. एक सुरुवातीचे, दोन मुखड्याची आणि एक नावाचे ठेवले तर गाणे शाबूत राहते. पण काप समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) न घेता जाहिरातीच्या वेळेवर घेतला, की ठेका अडखळतो आणि मागच्या ओळीचा लांबवलेला स्वर पुढच्या ओळीच्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर) चढतो. आपल्याकडे सेकंदाला 25 फ्रेम असतात. मालिकेचे नाव बारा फ्रेम उशिरा झळकले तरी समेपासून जवळजवळ अर्धा सेकंद मागे पडते आणि प्रेक्षकाला काहीतरी चुकल्यासारखे वाटते, काय ते सांगता येत नाही. म्हणून पूर्ण गाणे, वीस सेकंदांचे, नुसत्या नावापुरते आणि शब्दांविना, असे चार तुकडे संगीतकाराकडूनच करून घ्यावेत आणि प्रत्येक वाद्यगटाचे मुद्रण वेगळे जपावे. पुढे नायिकेच्या रडण्याला तीच चाल संथ बासरीवर लागतेच. ती मूळ संगीतकाराने केली तर निदान सूर तरी एका घरातले राहतात.

हिंदी दूरदर्शनच्या काळातली नावे तर आणखी विस्मृतीत गेली आहेत. ‘हम लोग’चे संगीत अनिल विश्वासांचे होते, हे किती जणांना ठाऊक आहे? ‘मालगुडी डेज’ एल. वैद्यनाथन यांचे आणि ‘सुरभि’ एल. सुब्रह्मण्यम यांचे. दोघे सख्खे भाऊ, दोघे व्हायोलिनवादक, आणि एकाच दशकाच्या अंतरात दोघांच्या धून देशभर गुणगुणल्या गेल्या. ‘ब्योमकेश बक्षी’ आनंद शंकर यांचे. ‘महाभारत’ची सुरुवात महेंद्र कपूर यांच्या आवाजामुळे सगळ्यांना आठवते. दादा कोंडक्यांच्या गाण्यांमुळे तो आवाज मराठी कानाला आधीच घरचा होता. पण संगीतकार राजकमल यांचे नाव विचारले तर समोरचा गप्प होतो.

या सगळ्यांत आमच्या मते सर्वांत मोठे काम ‘भारत एक खोज’चे आहे, आणि त्याला मराठी हातही लागला आहे. 1988 साली श्याम बेनेगल यांनी भारताच्या इतिहासावरची ही त्रेपन्न भागांची मालिका केली. संगीत वनराज भाटिया यांचे. भाटिया मुंबईचे, लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि नंतर पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडे शिकलेले. त्यांनी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले 129 वे, म्हणजे नासदीय सूक्त शीर्षकाला घेतले आणि शेवटच्या श्रेयनामावलीला त्याच मंडलातले 121 वे हिरण्यगर्भ सूक्त. संस्कृत ऋचा समूहस्वरात आणि त्याला लागूनच हिंदी रूपांतर. हे हिंदी वसंत देव यांचे, आणि मराठी हात तो हाच. ‘घाशीराम कोतवाल’ हिंदीत नेणारे आणि ‘सारांश’च्या गीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे हेच ते देव. सृष्टीच्या आधी काय होते, हा प्रश्न विचारून थांबणारी ऋचा मालिकेच्या आरंभी ठेवणे आणि कोणत्या देवतेला हवि द्यावा असे विचारणारी शेवटी ठेवणे, यातली योजना रविवारच्या पाच हजार वर्षांच्या कथेला किती शोभते! पाश्चात्त्य पद्धतीने एकावर एक रचलेले समूहस्वर आणि खाली वैदिक उच्चारांची चाल, असा मेळ भारतीय टीव्हीवर त्याआधी झाला नव्हता असे आम्हाला वाटते, आणि नंतर तर कुणाला इतका वेळच मिळाला नाही. तरीही हे गाणे इंटरनेटवर चढवणाऱ्या कित्येकांनी वसंत देवांचे नाव दिलेले नाही.

नाव न देणे हा शिष्टाचाराचा प्रश्न वाटतो, पण तो पैशांचा आणि कायद्याचाही आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार आणि संगीतकार यांना मानधनाखेरीज पुढच्या वापराच्या रॉयल्टीत समान वाटा दिला आणि तो हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाला लिहून देता येत नाही असे ठरवले. संयोजकाला यात वेगळी जागा नाही. वादकांना ‘परफॉर्मर’ म्हणून हक्क आहेत. पण त्याच व्याख्येला एक पुस्ती आहे: दृश्यमुद्रणात ज्याचे काम किरकोळ आहे आणि व्यवसायाच्या रिवाजाप्रमाणे ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीत कुठेच होत नाही, त्याला, कामाची मोडतोड होऊ नये एवढा हक्क सोडून, परफॉर्मर मानले जाणार नाही. म्हणजे चार मिनिटे बासरी वाजवून गेलेल्या वादकाचे नाव न देण्याचा रिवाज पडला, की त्याचा हक्क लंगडा करायला तोच रिवाज पुढे करता येतो.

परदेशातही हेच घडले आहे. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेची 1963 ची धून रॉन ग्रेनर यांनी लिहिली, पण ती प्रत्यक्ष घडवली डेलिया डर्बिशर यांनी. सिंथेसायझर नसताना एकेक स्वर टेपवर मुद्रित करून, टेप कापून, जोडून. ग्रेनर त्यांना रॉयल्टीतला अर्धा वाटा द्यायला तयार होते, बीबीसीच्या नियमांत ते बसले नाही. डेलिया 2001 साली गेल्या. पडद्यावर त्यांचे नाव आले 2013 साली, पन्नास वर्षांच्या विशेष भागात.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच आहे. नव्या मालिकेची ओळख छापताना शेवटी एक ओळ द्यावी: गीत, संगीत, संगीत संयोजन, गायन. माहिती मिळवायची ती पहिल्या आठवड्यातल्या भागांवरून, कारण पूर्ण श्रेयनामावली तेव्हाच दिसते. पुढे ती पडद्याच्या कोपऱ्यात आकसते आणि वाचता येत नाही. वाहिनीच्या प्रसिद्धिपत्रकात नावे नसतील तर निर्मात्याकडे क्यू शीट मागावी. कोणता तुकडा, किती सेकंद, कोणाचा, हे त्यात लिहिलेले असते. इंटरनेटवरच्या चित्रफितीखाली लिहिलेल्या नावांवर मात्र विसंबू नये. एकाने गायकालाच संगीतकार केले की पुढचे दहा जण तेच उतरवून घेतात.

आणि जुन्या मालिकांची नावे शोधायला आपल्या वाचकांचीच मदत घेता येईल. अनेक घरांत व्हीएचएस कॅसेट अजून पडून आहेत. त्यांना आवाहन करावे, पण सोबत सूचनाही द्याव्यात. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब होतात. बुरशी नसेल तर आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. शीर्षकगीत बहुधा कॅसेटच्या अगदी सुरुवातीला असते आणि फितीचा तोच भाग सर्वांत जास्त झिजलेला असतो, म्हणून पहिल्याच खेपेला संगणकावर उतरवावे, चाचणी म्हणून पुन्हा पुन्हा वाजवू नये. साध्या व्हीसीआरमध्ये आवाज फितीच्या कडेच्या अरुंद पट्टीवर असतो. चित्र स्वच्छ आणि आवाज दबलेला आला तर ध्वनीचा हेड पुसून घ्यावा, किंवा दुसऱ्या यंत्रावर वाजवून पाहावे. नामावली धावत असताना पॉज करून फोटो काढू नये. थांबलेली फीत त्या जागी घासली जाते आणि अक्षरेही थरथरतात. आधी पूर्ण भाग संगणकावर घ्यावा, मग तिथे फ्रेम थांबवून नावे वाचावीत आणि ती आपल्या कार्यालयाकडे पाठवावीत.

आपले नम्र,
ध्वनिमुद्रण आणि संगीत संयोजनाचे काम करणारे दोन वाचक, पुणे