अविनाशला, चहाबद्दल

सातारा
१४ ऑक्टोबर

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "बाकी सगळं झकास आहे रे, फक्त चहा जमत नाही," आणि लगेच विषय बदललास. तेव्हापासून मला चैन नाही. लेक-जावई सकाळी आठला बाहेर पडतात, नातू पाळणाघरात, आणि तू म्युनिकच्या त्या स्वयंपाकघरात एकटा, समोर करडा, तवंग आलेला चहा. वहिनी होत्या तोवर तुला कधी पातेल्याला हात लावावा लागला नाही. फोनवर तुटक सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावं म्हणून बसलोय. अकरा वर्षं आईचा आणि माझा चहा मीच करतो. हाताला जे कळलंय ते सगळं लिहितो.

आधी तवंगाचं. त्यात तुझं काही चुकत नाही. तिथलं पाणी आल्प्सच्या पायथ्याकडून चुनखडीतून झिरपत येतं, म्हणून जड असतं. पाण्यातला चुना आणि चहातला तुरटपणा एकत्र आले की वर पातळ पापुद्रा धरतो, रंगही मातकट होतो. आपल्याकडे विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तशातलाच हा प्रकार. लेकीला सांगून पाणी गाळायचा जग मागव, चुना धरून ठेवणारा. तोवर पाणी पाचेक मिनिटं उकळून गार होऊ दे, चुना तळाशी बसला की वरचं अलगद ओतून घे.

दुसरं दुधाचं. महिनोन्महिने टिकणाऱ्या खोक्यातलं दूध वापरत असशील तर ते सोड. त्याला आधीच तापवल्याचा वास असतो आणि तो चहात उतरतो. फ्रिजमधलं ताजं, सायीसकटचं घे. तरी आपल्या म्हशीच्या दुधाचा दाटपणा त्याला यायचा नाही, तेव्हा चमचाभर क्रीम घालायला हरकत नाही.

आता आईची पद्धत. दोन कपांना सव्वा कप पाणी, पाऊण कप दूध. पाण्यात साखर आणि अर्धं पेर आलं ठेचून टाक. आलं पाण्यातच उकळायचं, हे नीट लक्षात ठेव. कच्च्या आल्यात दूध फाडणारा एक घटक असतो, उकळत्या पाण्यात तो निकामी होतो. घाईत आलं थेट दुधात घातलं की चहा नासतो आणि आपण दुधाला दोष देतो. आल्याचा वास घरभर सुटला की दोन लहान चमचे पावडर टाक, मिनिटभर उकळू दे, मग कोमट केलेलं दूध. इंडक्शनवर आच एकदम चढते, म्हणून या वेळी तिथून हलू नकोस. पहिली उकळी फिकट असते, फेसच जास्त. आच कमी कर. दुसरी येते तेव्हा पातेल्याच्या कडेला तपकिरी रेघ धरते. तिसरी मधोमध फुटून वर येते, तेव्हा बंद. गूळ घालायचा असेल तर आच बंद केल्यावर, नाहीतर पुन्हा फाटाफूट.

ही पद्धत आपल्या दाणेदार पावडरीची आहे. ती पानं यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेली असते. सीटीसी म्हणतात तिला. १९३०च्या दशकात आसामात हे यंत्र निघालं. पान इतकं ठेचलेलं असतं की रंग आणि कडकपणा झरझर सुटतो, आणि दूध-साखर-आलं सगळं घालूनही चहा चहाच लागतो. अख्ख्या पानाचं तसं नाही, आणि ते मी नुकसान करून शिकलो.

भाच्यानं एकदा दार्जिलिंगचा पहिल्या तोडणीचा चहा आणून दिला होता. मार्च-एप्रिलमधली कोवळी पानं, हिरवट, लांब वळलेली. पाकीट उघडल्यावर ओल्या गवतासारखा, थोडा फुलांचा वास आला. आणि मी तो आलं-दूध घालून खळखळ उकळला. पिवळट, कडू पाणी झालं, वास कुठल्या कुठे गेला. आईनं एक घोट घेतला आणि कप शांतपणे खाली ठेवला. निम्मं पाकीट संपेपर्यंत मी तेच करत होतो. इतका जीव लावून दिलेली वस्तू अशी वाया घालवली याची अजून रुखरुख आहे. त्या चहाला आधण उतरवून मिनिटभर थांबायचं, मग चिनी मातीच्या किटलीत कपाला चमचाभर पानं, त्यावर पाणी, झाकण, आणि घड्याळ लावून तीन मिनिटं. दूध नको, साखर नको. चहा पारखणारे मात्र मुद्दाम कडक काढतात. त्यांचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे, क्रमांक ३१०३, शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पानं आणि सहा मिनिटं. पानातला दोष लपू नये म्हणून. आपल्याला दोष शोधायचे नाहीत, तीन मिनिटं पुरेत.

जर्मनीत दार्जिलिंगला मोठी मागणी आहे, चांगला मिळेल. दुपारी नातू झोपला की तो करत जा.

आणि तिथलीच एक गोष्ट वाचून तुझी फार आठवण आली. तुमच्या जर्मनीच्या वायव्य टोकाला ओस्टफ्रीसलांड म्हणून भाग आहे. तिथली माणसं वर्षाला माणशी सुमारे तीनशे लिटर चहा पितात! कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा, त्यावर गरम चहा, खडा तडतडतो. मग कडेनं चमच्यानं साय सोडतात, ती खालून ढगासारखी वर येते. ढवळायचं नाही: आधी साय, मग कडक चहा, शेवटी तळाचा गोडवा. पाहुण्यानं किमान तीन कप घ्यायचे. त्यांचं मिश्रण मुख्यतः आसाम चहाचंच असतं. दुकानात 'ओस्टफ्रीसेन' लिहिलेलं पाकीट माग, आपल्या उकळीच्या चहालाही तो रंग देईल असं मला वाटतं. करून बघ आणि कळव.

पुण्यात कॉलेजला असताना आपण पहाटे अमृततुल्यात जायचो, आठवतं? पितळी पातेलं, दूध-पाणी पहिल्यापासून एकत्र, खलबत्त्यात वेलदोडा कुटल्याचा आवाज आणि फडक्यातून गाळलेला तो दाट गोड चहा. घरी तो मला कधीच साधला नाही. दोन कपांचा तसा होतच नाही. दिवसभर तापलेलं मोठं पातेलं लागतं.

आईचं बरं आहे. लोह कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी जेवणावर चहा बंद केलाय. चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. आता जेवणानंतर तासाभरानं घेते, आणि तो तास घड्याळाकडे बघत काढते. तुझी चौकशी रोज करते.

एक राहिलंच. तुमच्या घरचा चहा वेगळा का लागायचा, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. परवा आठवलं. वहिनी गॅस बंद करून पातेल्यावर ताटली झाकायच्या, मग कपाट उघडून कपबशा काढायच्या, एकेक पुसायच्या, आणि तेवढं झाल्यावरच गाळायच्या. चांगली दोन-अडीच मिनिटं जायची. मी घरी तसं करून पाहिलं. पहिल्या घोटालाच तुमचं स्वयंपाकघर समोर आलं.

भाचा २० तारखेला तिकडे येतोय. त्याच्याबरोबर लहान लोखंडी खलबत्ता आणि सुंठीची डबी पाठवतो. येत्या रविवारी चहा झाकून ठेवलास की मला फोन लाव.

तुझाच,
सुधीर